हात आणि हातचा

इंग्रजी भाषेतील जे शब्द मराठी शाळेतील मुलाला प्रथम भेटतात, त्यांत अवयवांची नावे असतात. ती शिकविण्यासाठी फार खटाटोप करावा लागत नाही. शिक्षकांनी आपल्या नाकावर बोट ठेवावे, मुलांनी आपापल्या नाकावर ठेवावे आणि शब्द उच्चारावा, एवढ्यात अर्थ पदरात पडतो. परळच्या एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गात 'हँड' हा शब्द असाच आला. सरांनी सांगताच पन्नास मुलांनी आपले उजवे हात उंच केले. सर हसले. आपल्या डाव्या मनगटावर उजव्या तळहाताची कड आडवी धरून त्यांनी दाखविले की 'हँड' इथे संपतो. त्यावरचे सारे 'आर्म'. वर्गातल्या एका मुलाला ही गोष्ट चमत्कारिक वाटली. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हात सलग होता. दंड, कोपर, मनगट ही त्याची ठिकाणे होती. परंतु त्यांपैकी काहीही मोडले तरी हातच मोडला असे लोक म्हणत. इंग्रजीने तो मनगटापाशी वेगळा काढला होता. त्या संध्याकाळी त्याने शाईने मनगटाभोवती एक निळी रेघ ओढली. जेवताना ती आईच्या नजरेस पडली आणि तिने ती साबणाने घासून काढली.

त्याचे वडील लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात विणकर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, चौथीपर्यंत शिकलेले. घराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवत असे, त्यामुळे घड्याळाची निकड कधी भासली नव्हती. मुलगा सातवीत गेला तेव्हा वडिलांनी चोरबाजारातून एक मनगटी घड्याळ आणले. विकणाऱ्याने ते 'सेकंडहँड' म्हणून दिले होते. घड्याळाच्या काट्याला इंग्रजीत 'हँड' म्हणतात आणि सेकंद दाखविणारा तो 'सेकंड हँड', हे मुलाने त्याच आठवड्यात शिकले होते. घड्याळाला तास-मिनिटांचे दोनच काटे होते. "बाबा, त्यानं फसवलं तुम्हांला. सेकंड हँड म्हणाला, आणि तोच काटा नाही यात," तो म्हणाला. वडिलांनी घड्याळ कानाशी धरले, मग मनगटावर चढविले आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हातातून आलेलं, एवढंच सांगितलं रे त्यानं." इंग्रजीचे एक अक्षरही न शिकलेल्या माणसाने त्या शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला होता, आणि इंग्रजी शिकणारा चुकला होता.

या फजितीनंतर त्याने एक दोनशेपानी वही केली. डाव्या पानावर मराठीतला हात आणि उजव्या पानावर इंग्रजीतला 'हँड'. डाव्या पानाला कधी तोटा पडला नाही. हात देणे, हात दाखविणे, हात मारणे, हात टेकणे, हात आखडणे, हातावर तुरी देणे, हातघाईवर येणे, आपला हात जगन्नाथ, हातच्या कांकणाला आरसा कशाला: चाळीच्या गॅलरीत उभे राहिले की अशी दहा-पाच रत्ने तासाभरात मिळत. उजवे पान शाळेतल्या पुस्तकांतून आणि पुढे ग्रंथालयातल्या कोशांतून सावकाश भरत गेले. पत्त्यांच्या डावात वाट्याला आलेली पाने म्हणजे 'हँड'. माणसाचे अक्षर म्हणजे 'हँड'. मदत म्हणजे 'हँड' आणि टाळ्याही 'हँड'च. घोड्याची उंची तिकडे 'हँड'ने मोजतात आणि तो चार इंचांचा असतो. मराठी हातही माप आहे. पण तो कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, सुमारे अठरा इंचांचा. मनगटापाशी ओढलेली रेघ मापातसुद्धा उतरली होती. तिकडे विवाहेच्छू पुरुष मुलीचा 'हँड' मागतो. इकडे संस्कृताने दिलेले पाणिग्रहण आहेच, शिवाय दोनाचे चार हात करण्याचा हिशेबही आहे.

कित्येक ठिकाणी दोन्ही पाने समोरासमोर आली आणि भांडली. मॅट्रिकच्या वर्षी एका उताऱ्यात, कोणी एका गृहस्थाने त्या प्रकरणातून आपले 'हँड्स' धुतले, असे वाक्य होते. त्याने भाषांतर केले: 'त्या गृहस्थाने त्या प्रकरणात हात धुऊन घेतले.' सरांनी लाल शाईने वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. बायबलातील पाँटियस पायलेटने लोकांसमोर हात धुतले ते जबाबदारी नाकारण्यासाठी, आणि इंग्रजी वाक्प्रचार त्या पाण्यातून निघाला आहे. मराठी माणूस मात्र हात धुऊन घेतो तो वाहत्या गंगेत, आणि तिथे त्याचा लाभच होतो. एकच कृती एका भाषेत अंग काढून घेणे ठरली होती आणि दुसरीत अंग घालणे. सरांनी शून्य गुण दिला, पण वर्गात ते वाक्य वाचून दाखविताना त्यांनाही हसू आवरले नाही.

एका जागी मात्र दोन्ही पाने तंतोतंत जुळली. 'हँड टु माउथ' जगणे आणि हातातोंडाची गाठ पडणे यांत काडीचेही अंतर नव्हते. दारिद्र्याला दोन भाषा लागत नाहीत, असा एक गंभीर शेरा त्याने समासात लिहिला. तेव्हा त्याचे वय सोळा वर्षांचे होते.

आणि एका शब्दासमोर उजवे पान कोरे राहिले. तो शब्द 'हातचा'. पहिली-दुसरीत बेरीज शिकताना सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक, असे प्रत्येक मराठी मूल म्हणते. इंग्रजी गणितात तो एक पुढे 'कॅरी' होतो, म्हणजे वाहून नेला जातो. हाताचा त्याच्याशी संबंध नाही. मराठीत तो मांडलेला नसतो, दिसत नाही, तरीही हरवत नाही. कोणाच्या तरी हातात तो सुरक्षित असतो आणि पुढच्या रकान्यात जमेस धरला जातो. या शब्दाला 'हँड'चा प्रतिशब्द नाही, हे पाहून त्याला उगीचच थोडा अभिमान वाटला.

शब्दांचा हा खेळ बी. ए. च्या वर्षात एका दुपारी थांबला. मुंबईच्या कापडधंद्यावर निबंध लिहायचा होता आणि त्यासाठी त्याने ग्रंथालयातून मुंबईच्या गिरणीमालक संघाचे जुने वार्षिक अहवाल काढले होते. हा संघ १८७५ मध्ये स्थापन झाला. त्याच्या अहवालांत गिरण्यांची कोष्टके असत. चात्या किती, माग किती, कापूस किती खपला, आणि त्याच ओळीत पुढे: रोज सरासरी किती 'हँड्स' कामास होते. कोष्टक नेटके होते. प्रत्येक रकान्याखाली बेरीज होती. चात्यांची बेरीज, मागांची बेरीज, हातांची बेरीज.

या अर्थाची त्याला माहिती नव्हती असे नाही. वहीच्या उजव्या पानावर तो अर्थ केव्हाच लिहिलेला होता: जहाजावरचा खलाशी, शेतावरचा गडी, कारखान्यातला मजूर. परंतु वहीत लिहिलेला अर्थ आणि कोष्टकात भेटलेला अर्थ यांत फरक असतो. या रकान्यातील कुठल्या तरी आकड्यात आपले आजोबा आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. त्यांचे नाव तिथे नव्हते, आणि माणूस म्हणूनही ते तिथे नव्हते. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढे होते, तेवढेच नोंदले होते.

त्याच वर्षी अभ्यासक्रमाबाहेर त्याने डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी वाचली. ती १८५४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले कोकटाउन हे गिरण्यांचे कल्पित गाव आहे आणि स्टीफन ब्लॅकपूल हा तेथला विणकर. या वर्गाला 'हँड्स' म्हणतात, या गोष्टीवर डिकन्सने नेमके बोट ठेवले आहे. विधात्याने या लोकांना नुसते हात, किंवा फार तर हात आणि पोट एवढेच दिले असते, तर काही जणांना ते अधिक पसंत पडले असते, असा त्याच्या उपरोधाचा रोख आहे. हे वाचताना त्याला डाव्या पानावरचा एक वाक्प्रचार आठवला: हातावर पोट असणे. डिकन्सने जे मालकांच्या मनातले म्हणून उपहासाने सांगितले, ते गिरणगावातला माणूस स्वतःविषयी अगदी सहजपणे बोलत होता. आणखी एक योग असा की, कादंबरी निघाली त्याच १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची उभारणी हाती घेतली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. यंत्रे विलायतेहून आली, आणि यंत्रांबरोबर रकान्यांची नावेही आली.

शब्दाचे कोडे त्याला सुटले ते मात्र इंग्रजीच्या वर्गात नव्हे. संस्कृत हा त्याचा दुय्यम विषय होता आणि मम्मटाचा 'काव्यप्रकाश' नेमलेला होता. लक्षणेसाठी तीन गोष्टी लागतात, असे मम्मट सांगतो. मुख्य अर्थाला बाध यावा, लक्ष्य अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असावा, आणि तसे बोलण्यामागे रूढी तरी असावी किंवा प्रयोजन तरी असावे. भाले आत शिरत आहेत, असे म्हटले म्हणजे भालेकरी आत शिरत आहेत असे समजायचे, हे तिथले प्रसिद्ध उदाहरण. भाला स्वतःचा अर्थ न सोडता आपल्याबरोबर माणसाला ओढून आणतो. हिला उपादानलक्षणा म्हणतात. 'हँड्स'ची जात हीच आहे, हे त्याच्या तत्काळ लक्षात आले. हात गिरणीत शिरतात आणि त्यांच्यामागून माणसे येतात.

राहिला तिसऱ्या अटीचा प्रश्न: रूढी की प्रयोजन? कुशल म्हणजे मुळात कुश तोडून आणणारा, पण आज तो शब्द वापरताना गवत कोणाला आठवत नाही, ती रूढी. भाल्यांच्या वाक्यात मात्र सैन्याची दाटी आणि तीक्ष्णता सुचवायची असते, ते प्रयोजन. अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाला विचारले असते तर त्याने निःसंशय रूढी म्हणून सांगितले असते. सतराव्या शतकापासून त्याच्या भाषेत हा अर्थ चालत आलेला होता. त्याला त्यात हात दिसत नव्हता, तसा माणूस वगळल्याचेही दिसत नव्हते. परंतु ज्याने तो शब्द पाचवीत मनगटावर रेघ ओढून शिकला, त्याला रूढी मिळालेलीच नव्हती. त्याला प्रत्येक वेळी हातच दिसत होता आणि म्हणून प्रयोजनही दिसत होते. माणसाला आजारपण असते, सण असतो, गावी मरणारी आई असते. हाताला यांपैकी काही नसते. मोजायला हात सोपा.

परकी भाषा उशिरा शिकणाऱ्याची ही एक अडचण आहे आणि तिचा उपयोगही आहे. जी रूपके त्या भाषेच्या घरात केव्हाच विझली, ती त्याच्यापुढे पेटलेली असतात. त्याच्या हातून चुका होतात त्या यामुळेच, आणि क्वचित त्याला जे दिसते तेही यामुळेच. इंग्रजीजवळ दुसरे शब्द नव्हते असेही नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्याची व्याख्या करताना एकाच वेळी शंभर किंवा अधिक 'पर्सन्स' कामास असण्याची अट घातली होती. कायद्याला व्यक्ती माहीत होत्या. हिशेबाला हात पुरत होते.

हे सगळे त्याने एका रविवारी वडिलांना सांगितले. आठवडाभराची रातपाळी संपवून ते खाटेवर पडले होते. साळखात्यातल्या मागांच्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते. तिथली माणसे एकमेकांशी खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत, आणि ती सवय घरीही सुटली नव्हती. त्यांनी ऐकले, आणि तळहात उलटा करून विचारले, "आम्ही नुसते हात होय? मग डबा कोण खातो?" मग थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊन दुसरीच हकिकत सांगितली.

गिरणीत त्यांच्याच तालुक्यातला एक सोबती होता. तो सूतकताईच्या खात्यात होता, आणि त्याचे वडीलही त्याच खात्यात होते. आजोबांच्या काळी त्यांना साळखात्यात काम मिळत नसे, आणि साळखात्यातला पगार अधिक. कारण विचारले तेव्हा वडील म्हणाले, "धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. ते महार. मग कसं घेणार?"

"मालक घेत नसत?"

"मालकाला काय त्याचं. आपलीच माणसं घेऊ देत नव्हती." मग ते म्हणाले, "माझे वडीलसुद्धा."

त्या दिवशी वहीतली जी जोडी सर्वांत बिनचूक जुळली होती, तीच त्याच्या मनात विस्कटली. हातातोंडाची गाठ दोन्ही भाषांत सारखी, असे त्याने समासात लिहिले होते. परंतु गिरणीच्या मागावर हात आणि तोंड यांच्या मध्ये धोटा होता, आणि त्या धोट्याने कोणाचा हात चालेल व कोणाचे तोंड चालणार नाही, याचा निवाडा केला होता. कोष्टकाच्या रकान्यात सारे हात सारखे होते. इंग्रजी शब्दाने माणसाचे तोंड वगळले, नाव वगळले, आणि त्याबरोबर जातही वगळल्याचा देखावा केला. मराठी माणसांनी हाताला तोंड पुन्हा जोडले, ते मात्र त्याला विटाळ चिकटविण्यासाठी. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न उभा केला होता, हे त्याने नंतर वाचले. ज्या आजोबांना कोणी नुसता हात म्हटले म्हणून तो दुखावला होता, त्याच आजोबांनी दुसऱ्या एका माणसाच्या ओठांचा हिशेब ठेवला होता. समासातला शेरा त्याने खोडला नाही. त्याखाली वडिलांचे ते दोन शब्द लिहिले: 'माझे वडीलसुद्धा'.

पुढे तो दिल्लीला एका विद्यापीठात शिकवू लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा तो दिल्लीतच होता. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. दिल्लीच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत त्याने बातम्या वाचल्या, आणि वडिलांची पत्रे गावाहून येऊ लागली. चार महिने वाट पाहून ते कोकणात परतले होते. त्यांनी याआधी मुलाला कधी पत्र लिहिले नव्हते, निरोप असत. चौथीतले अक्षर, मोठे, ओळीच्या खाली घसरणारे. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिले होते की, हात रिकामे आहेत, म्हणून लिहितो आहे. अक्षरालाही इंग्रजीत 'हँड' म्हणतात, हे वहीच्या उजव्या पानावर पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले होते, आणि ते खरे असू शकते हे त्याला त्या आंतरदेशीय पत्रावर कळले. चाळीस वर्षे जो हात नळ्या बदलत होता, तुटलेले धागे सांधत होता, त्याची चाल त्या अक्षरांत होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या बंद पडल्या, आणि हजारो कामगारांना परत बोलावणे आले नाही. वडिलांनाही आले नाही. त्यांनी आणलेले घड्याळ मुलाजवळ राहिले. ते चालत नाही.

त्यांच्यामागे बऱ्याच वर्षांनी एका संकलनासाठी मुंबईच्या गिरण्यांविषयीचे काही इंग्रजी कागद मराठीत आणण्याचे काम त्याच्याकडे आले. त्यांत तीच कोष्टके होती. त्याने रकान्याच्या डोक्यावर 'हात' असा शब्द घातला. मुद्रिते परत आली तेव्हा संपादकांनी तो खोडून 'कामगार' केला होता आणि बाजूला लिहिले होते की, मराठीत हात या शब्दाला हा अर्थ नाही. शेरा यथार्थ होता. काम करणारा तो कामगार. या शब्दात माणूस अखंड आहे. भाषांतरकाराला याहून सरळ प्रतिशब्द कोणता मिळणार?

विभागातल्या चहाच्या वेळी त्याने हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. अशा ठिकाणी प्रत्येकजण आपापल्या भाषेची पोतडी उघडतो, तशी सर्वांनी उघडली. बंगालीच्या प्राध्यापकांनी 'हातेखडी' सांगितली. मुलाच्या हाती प्रथम खडू देऊन अक्षर गिरविण्याचा तो संस्कार. तमिळमध्ये सही म्हणजे 'कैयेळुत्तु', हाताचे लिहिणे. मल्याळममध्ये लाच म्हणजे 'कैक्कूली', हाताची मजुरी. हिंदीच्या बाईंनी मुलीचे हात पिवळे करण्याची आठवण दिली. हात सर्वत्र होता. शिकत होता, सही करीत होता, लाच घेत होता, हळद लावून घेत होता. परंतु कारखान्यातल्या माणसाला नुसते हात म्हणणारा शब्द त्या मेजावर कोणालाही आपल्या भाषेतून काढून देता आला नाही. सर्वांचे मत पडले की 'कामगार'च ठेवावे.

त्याला तो सल्ला पटला, आणि तरी मुद्रितावर सही करवेना. 'कामगार' म्हटले की कोष्टक सज्जन होत होते. ज्या कागदाने माणसांना हात म्हटले, त्याने त्यांना माणसे म्हटले असे मराठी वाचकाला वाटले असते. भाषांतराने मूळ कागदाचा दोष झाकावा काय? दुसरीकडे, आपल्याच आजोबांना मराठीत पुन्हा एकदा हात म्हणणे, तेही ज्या भाषेने त्यांना तसे कधी म्हटले नव्हते त्या भाषेत, हे त्याला सोसवत नव्हते. त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी हे केले असते तर ते भाषांतर ठरले असते. त्याने करणे म्हणजे वेगळेच काही होते.

निर्णयाला त्याला दोन गोष्टींचे साह्य झाले. पहिली म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची जी संघटना उभी केली, तिचे इंग्रजी नाव बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन असे होते. हिशेबाच्या वहीतला शब्द ज्यांच्यावर लादला गेला, त्यांनीच तो उचलला आणि आपल्या अर्जाच्या माथ्यावर लिहिला. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंड्यांच्या चळवळीमुळे. हाताला सुट्टी लागत नाही. ज्यांनी ती मागितली त्यांनी 'हँड्स' या शब्दामागे उभा असलेला माणूस त्याच शब्दातून पुढे आणला. दुसरी गोष्ट म्हणजे अण्णा भाऊ साठे यांचे १९५८ च्या मुंबईतील दलित साहित्य संमेलनातले भाषण. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तोललेली नसून ती दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर तोललेली आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. इथेही अंगासाठी अंश आहे. इथेही मनगटापुढचा भागच सांगितला आहे. परंतु अहवालातला हात ज्याने मोजला त्याने माणसाला कापून तेवढा केला होता, आणि अण्णा भाऊंच्या तळहाताने साऱ्या माणसाचा, किंबहुना साऱ्या पृथ्वीचा भार घेतला होता. लक्षणा तीच. ती कोण कोणाविषयी वापरतो आणि कशासाठी, यात तिचे बरेवाईट असते.

त्याने संपादकांना लिहिले की, कोष्टकात 'हात' हाच शब्द राहू द्यावा. अन्यत्र जिथे मुळात माणसे आहेत तिथे 'कामगार' करावे. रकान्याला कोणतेही स्पष्टीकरण जोडू नये. मराठी वाचक तिथे अडखळेल, आणि अडखळणे आवश्यक आहे. संपादक भले गृहस्थ होते. त्यांनी मान्य केले.

शेवटची मुद्रिते तपासताना एक किरकोळ काम उरले. मूळ छपाई पुसट होती आणि बेरजा जुळतात की नाही हे पाहणे भाग होते. त्याने पेन्सिल घेतली आणि 'हात' या रकान्यातले आकडे वरून खाली मिळवीत आला. दिल्लीत राहून, इंग्रजीत शिकवून त्याची अर्धी हयात गेली होती. पण बेरीज करताना ओठ मराठीत हलत होते. एककाचे घर संपले. सत्तावीस. त्याने सात मांडले, बोट कागदावर तसेच ठेवले, आणि पुढच्या घराकडे जाताना हलकेच म्हटले, हातचे दोन.